पदक वाचावे कसे?



पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीच्या खोऱ्यात चिखली हे गाव आहे. जुनी माणसे त्याला टाळगाव चिखली म्हणतात, कारण तुकोबांच्या टाळाशी त्याचे नाव जोडलेले आहे. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला मोशी. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. शेते होती तिथे कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या.

या गावाच्या आसपास दोन गोष्टी फार दिवसांपासून नांदत आल्या. एक लष्कर. देहूरोडला छावणी आणि दारूगोळ्याचे कोठार, खडकीला बॉम्बे सॅपर्स या पलटणीचे मुख्य ठाणे, दापोडीला लष्करी इंजिनीअरिंगचे विद्यालय. दुसरी गोष्ट भंगार. चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे इतकी वाढली होती की, लांबलांबच्या भंगारवाल्यांना तिचे नाव पाठ होते. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. पण एक वाडी हलली म्हणून भंगाराचा धंदा काही थांबत नाही. तागडी दुसरीकडे लागते, एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या भाषणाचा विषय सैनिकी पदके, आणि हे भंगाराचे काय मधेच काढले? सांगतो.

आपल्या जिल्ह्यात असे गाव क्वचितच सापडेल, की जिथला एकही माणूस फौजेत गेला नाही. पणजोबा गेले, आजोबा गेले, चुलते गेले. ती माणसे परत आली तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी पत्र्याची ट्रंक आली. पुढे माणूस गेला, ट्रंक माळ्यावर गेली. जुने घर पाडून नवे बांधायचे ठरते तेव्हा ती खाली येते. आत सापडते काय? एक जीर्ण नोकरीचे पुस्तक, पट्ट्याचा बक्कल, आणि फडक्यात गुंडाळलेले दोन-चार बिल्ले. गावात आपण पदकाला बिल्लाच म्हणतो. मग कोणी तरी म्हणतो, "पितळेचा दिसतोय." कोणी म्हणतो, "नाही, चांदीचा असेल." तागडीत पितळ पितळेच्या भावाने जाते आणि चांदी चांदीच्या. दीड-दोनशे ग्रॅम धातूबरोबर घरातल्या एका माणसाचा पुरावा गेला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून आज मी आपल्याला एवढेच सांगणार आहे की, पदक तोलायची वस्तू नाही, ती वाचायची वस्तू आहे. आणि ते वाचता येते. त्याला मोठी विद्या लागत नाही. पाचवीतल्या मुलालाही ते शिकवता येईल.

प्रथम धातूचीच गोष्ट घेऊ. आपल्या देशाचे सगळ्यांत मोठे युद्धातले पदक परमवीर चक्र. ते कशाचे असते? सोन्याचे? नाही. चांदीचे? तेही नाही. ते काशाचे असते, ज्याला इंग्रजीत ब्राँझ म्हणतात. आकाराने साधारण दीड इंचाला थोडे कमी, गोल, आणि वर साधी जांभळी फीत. त्याच्या खालोखालचे महावीर चक्र आणि वीर चक्र ही दोन्ही चांदीची. म्हणजे भंगारवाल्याच्या हिशेबाने सगळ्यांत मोठे पदक सगळ्यांत स्वस्त ठरेल! तागडीचा न्याय इथे कसा उलटा पडतो, हे यावरून कळते.

या परमवीर चक्राची घडण कोणी केली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एका मराठी घरच्या सुनेने केली. तिचे नाव सावित्रीबाई खानोलकर. ही बाई जन्माने युरोपातली. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मली. विक्रम खानोलकर नावाच्या आपल्या सैन्यातल्या मराठी अधिकाऱ्याशी तिने लग्न केले, ती इकडे आली, आणि नुसती आली नाही, तर इथली झाली. मराठी शिकली, संस्कृत शिकली, पुराणे वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. देश स्वतंत्र झाल्यावर इंग्रजी राजाच्या पदकांऐवजी आपली पदके हवी झाली. तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम या बाईंकडे सोपवले.

सावित्रीबाईंनी चित्र कशाचे काढले? इंद्राच्या वज्राचे. पदकावर चार बाजूंना चार वज्रे आहेत आणि मधोमध आपली राजमुद्रा. वज्राची कथा आपल्या आजीबाईंनी आपल्याला सांगितलेली आहे. वृत्रासुराला मारायला शस्त्र हवे होते, आणि ते दधीची ऋषींच्या हाडांचेच होणार होते. ऋषींनी देह ठेवला आणि हाडे देऊन टाकली. स्वतःचा देह देऊन दुसऱ्यांचे रक्षण, हा अर्थ त्या काशाच्या चकतीवर कोरलेला आहे.

हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू केले गेले. पहिले मिळाले मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगाम येथे हात प्लास्टरमध्ये असताना ते लढले आणि पडले. योगायोग असा की, सावित्रीबाईंची थोरली लेक याच शर्मांच्या घरात, त्यांच्या भावाला दिलेली होती. २०२५ पर्यंत हे पदक एकवीस जणांना मिळाले आहे. त्यांपैकी चौदा जणांना मरणोत्तर.

आता जिवंतपणी हे पदक मिळालेला पहिला वीर कोण? त्याचा संबंध आपल्या खडकीशी आहे. म्हणून त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

त्यांचे नाव रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे. जन्म १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. १९४० साली हे बॉम्बे इंजिनीअर्समध्ये, म्हणजे आज ज्यांना आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो त्या खडकीच्या पलटणीत, साधे शिपाई म्हणून भरती झाले. सॅपर म्हणजे कोण? लढाईत रस्ता करणारा, पूल बांधणारा, आणि शत्रूने जमिनीत पेरलेले सुरुंग काढणारा. बंदूक त्याच्याजवळ असते, पण त्याचे खरे काम फावडे, पहार आणि हाताची बोटे यांचे. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात होते. १९४७ च्या डिसेंबरात ते अधिकारी झाले. आणि चारच महिन्यांनी तो प्रसंग आला.

१९४८ चा एप्रिल. काश्मीरमध्ये राजौरी गाव शत्रूच्या हाती होते आणि आपल्या फौजेला नौशेराहून तिकडे जायचे होते. रस्ता डोंगराच्या कडेने सापासारखा वळत जाणारा. शत्रूने जागोजाग चीडची झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, सुरुंग पेरलेले. रणगाडे पुढे जाणार कसे? रस्ता मोकळा करण्याचे काम राण्यांच्या तुकडीकडे आले.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास तुकडी रणगाड्यांपाशी उभी होती. तोच शत्रूच्या उखळी तोफांचे गोळे पडू लागले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्यांना पुन्हा जमवले आणि काम सुरू केले. संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आली, पण शत्रू पुरता हटला नव्हता. तरी ते पुढे झाले आणि रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढू लागले. रात्रीचे दहा वाजेपर्यंत ते काम चालले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरू. दुपारी तीनला वाट झाली. अर्धा मैल गेले तर रस्त्यावर चीडची झाडे. ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे. पुढे मोडलेली मोरी. मशीनगनचा मारा चालूच. अंधार पडता पडता पाच प्रचंड झाडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग पेरलेले. अधिकाऱ्यांनी त्या रात्री थांबायचे ठरवले.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्या झाडांपाशी होते. साडेसहाला तो अडथळा दूर केला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच. साडेदहापर्यंत तेही मोकळे. रणगाडे नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला चिंगसला पोचले. पण राण्यांचे काम संपले नव्हते. मागून रसद येणार होती, तिला रस्ता हवा. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत ते रस्त्यावर. ११ तारखेला सहाला पुन्हा सुरू, अकराला चिंगसचा रस्ता खुला, आणि त्यापुढचा रस्ता साफ करीत रात्रीचे दहा.

बघा मंडळी, या चार दिवसांच्या हकीकतीत शत्रूचे किती सैनिक मारले याचा आकडा कुठे आहे? नाही. कारण पदक त्यासाठी मिळालेच नाही. जखमी अंगाने, गोळ्यांच्या माऱ्यात, चार दिवस रस्ता साफ करीत राहिले म्हणून मिळाले. रस्त्यावरचे दगड उचलणाऱ्या माणसाला आपण शूर म्हणतो का? एरवी म्हणत नाही. सैन्याने म्हटले आणि देशातले सर्वांत मोठे पदक दिले.

याच पलटणीतल्या आणखी एका अधिकाऱ्याची गोष्ट जवळजवळ अशीच आहे. १९४१ साली आफ्रिकेत प्रेमिंद्रसिंह भगत यांनी चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधून साफ केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीच्या या पलटणीची ही दोन मोठी पदके वाट मोकळी करणाऱ्या हातांना मिळाली आहेत. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. २०२३ साली अंदमानातल्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावे दिली, त्यांत एक बेट राण्यांच्या नावाचे आहे.

आता पदकांचे दोन मोठे वर्ग लक्षात ठेवू. पहिला वर्ग शौर्याचा, दुसरा सेवेचा.

शौर्यात पुन्हा दोन रांगा आहेत. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. शत्रूसमोर नसलेल्या प्रसंगातल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. ही दुसरी रांग १९५२ साली सुरू झाली, तेव्हा तिला अशोक चक्र वर्ग एक, दोन, तीन म्हणत. आजची नावे १९६७ पासूनची. ही पदके सैनिकाखेरीज पोलिसालाही मिळतात, साध्या नागरिकालाही मिळतात. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आठवा. आधी फौजेत, मग मुंबई पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी दहशतवाद्याची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. त्यांना अशोक चक्र मिळाले, मरणोत्तर.

या पदकांच्या फिती ओळखायला सोप्या. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी नारिंगी. अशोक चक्राची हिरवी, मधे एक नारिंगी रेघ. कीर्ती चक्राला दोन रेघा, शौर्य चक्राला तीन. रेघा वाढल्या की मान खालचा, हे मुलांना एकदा सांगितले की ती विसरणार नाहीत. सेना पदकाची फीत लाल, मधे बारीक पांढरी रेघ. हे पदक १९६० पासूनचे. ते शौर्यासाठीही देतात आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. म्हणून ते दिसले तर कशासाठी मिळाले हे कागदावरून पाहावे.

पण खरे सांगायचे तर, तुमच्या ट्रंकेत बहुधा यांपैकी काही नसेल. तुमच्या ट्रंकेत सेवेची पदके असतील. तिथेच पुष्कळांची गफलत होते. कोणी आजोबांच्या सगळ्या बिल्ल्यांना शौर्याचे बिल्ले म्हणून सांगत सुटतो. दुसरा कोणी ऐकतो की हे नुसते सेवेचे, सगळ्यांना वाटलेले, आणि त्याच्या मनातून ते उतरतात. दोन्ही चूक. सेवेचे पदक काय सांगते? हा माणूस त्या वेळी त्या ठिकाणी हजर होता, एवढेच. पण ते ठिकाण कुठले, हे जरा बघा.

१९४७ चे जनरल सर्व्हिस मेडल घ्या. लाल फितीवर पाच बारीक हिरव्या रेघा. पदकावर तेजोवलयात उभी भवानी तलवार. फितीवर धातूची एक पट्टी आणि तिच्यावर जम्मू आणि काश्मीर अशी अक्षरे असली, तर तुमचे आजोबा त्या लढाईच्या वेळी त्या मुलखात होते. ज्या मोहिमेत राण्यांनी रस्ता साफ केला, तीच ही मोहीम. १९६५ चे समर सेवा पदक, १९७१ ची पूर्वी आणि पश्चिमी अशी दोन पदके. पूर्वी असेल तर माणूस बांगला देशाच्या बाजूला होता, पश्चिमी असेल तर पश्चिम पाकिस्तानच्या सरहद्दीवर. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या नोकरीची वेगळी पदके आहेत. ज्याला लढाईत जखम झाली त्याचे पराक्रम पदक निराळे. सियाचीनच्या बर्फात राहिलेल्याचे निराळे. यांतल्या कितीतरी पदकांमागे पहारेकरी आहे, ड्रायव्हर आहे, भटारखान्यातला स्वयंपाकी आहे, खेचरे हाकणारा आहे, स्ट्रेचर वाहणारा आहे. फौज यांच्यावाचून एक दिवस चालत नाही.

आता इंग्रजी अमदानीतले बिल्ले. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांना बहुधा दोन किंवा तीन पदके मिळाली. एक काशाची चांदणी, एक चांदीचे गोल पदक, ज्याच्या एका बाजूला राजा पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि एक पिवळसर गोल पदक, ज्यावर पंख असलेली विजयदेवता आणि फीत इंद्रधनुष्यासारखी. यांतले चांदीचे पदक जुन्या मापाने अडीच तोळ्यांच्या आसपास भरते, म्हणून त्यावरच सगळ्यांत मोठी धाड पडली. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव एकदम चढला तेव्हा खुद्द इंग्लंडातही ही पदके वितळवली गेली. मजूर तुकड्यांतल्या लोकांना हेच पदक चांदीऐवजी काशाचे दिले होते. तसले सापडले तर ते हलके समजू नका. तुमच्या पणजोबांनी परमुलखात ओझी वाहिली, खंदक खणले, रस्ते केले, एवढे ते सांगते.

दुसऱ्या महायुद्धातल्या सहा टोकांच्या पितळी रंगाच्या चांदण्यांवर गोलाकार नावच लिहिलेले असते. आफ्रिकेच्या चांदणीची फीत वाळूच्या रंगाची. इटलीच्या चांदणीची फीत हिरव्या, पांढऱ्या आणि लाल रंगांची, म्हणजे इटलीच्या झेंड्याचीच. ब्रह्मदेशाच्या चांदणीची गडद निळी, मधे लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी. भूगोलाचा तास घ्यायला याहून चांगले साधन कुठले? शाळेत नकाशा लावावा, त्यावर खुणा कराव्यात, आणि पोरांना सांगावे: या गावचा माणूस इथवर गेला होता.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळणे बरे नाही. कोणी विचारील, इंग्रजांच्या राज्यासाठी लढलेल्यांची पदके आपण कशाला मिरवायची? प्रश्न रास्त आहे. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नसे. त्याची पदके वेगळी, पंगत वेगळी. पण ती माणसे आपली होती. कोरडवाहू जमीन, दुष्काळ, सावकार, घरात खाणारी तोंडे, यांतून ती भरती झाली होती. त्यांनी काय केले ते ऐका. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. घाडगे एकटे धावून गेले, हातबाँबने मशीनगन बंद केली, बंदुकीतल्या गोळ्या संपल्या तेव्हा तीच बंदूक उलटी धरून लढले, आणि शेवटी नेमबाजाच्या गोळीने पडले. वय वर्षे बावीस. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग तीन मशीनगन ठाणी मोडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध कोणाचे होते हा इतिहासाचा प्रश्न झाला. पाण्यातून जखमी सोबत्याला पाठीवर आणणारा माणूस कोणाचा होता, तर तो आपला. त्याच्या पदकावर राजाचे तोंड आहे म्हणून त्याचे नाव टाकून देण्याचे कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. पदक हाती आले तर काय करायचे?

पहिली गोष्ट, ते घासू नका. आपल्याकडे पितळ दिसले की चिंच आणि राख हाती येते. पदकाच्या कडेवर फार बारीक अक्षरे ठोकलेली असतात आणि घासून घासून ती झिजतात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, बस्स.

दुसरी गोष्ट, कड बघा. पदक उजेडात तिरके धरावे आणि कडेने हळूहळू फिरवावे. चष्म्याच्या दुकानातले भिंग असले तर उत्तम. तिथे पुष्कळदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी अक्षरे असतात. चांदण्यांवर असलीच तर ती पाठीवर सापडतील. जसे दिसेल तसे उतरून घ्यावे, आपल्या मनाने दुरुस्त करू नये. इंग्रज कारकुनाने नाव वेडेवाकडे लिहिले असेल, पण कागदपत्रांतही ते तसेच सापडायचे. सगळ्यांत मोलाचा तो नंबर. नावाचे दहा जण असतील, पण पलटणीतला तो नंबर एकाचाच.

तिसरी गोष्ट, फीत टाकू नका. विरली असली तरी ठेवा. फितीवर कमळाचे किंवा ओकचे लहानसे पान लावलेले दिसले, तर त्या माणसाच्या कामगिरीचा युद्धाच्या अहवालात नावानिशी उल्लेख झालेला आहे. ते पान नखाएवढे असते आणि पहिल्यांदा तेच हरवते.

चौथी गोष्ट, पदके आणि कागद एकत्र ठेवा. नोकरीचे पुस्तक, पेन्शनचा कागद, जुने फोटो. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. आज ओळखणारी म्हातारी माणसे आहेत, उद्या नसतील.

पाचवी गोष्ट हक्काची. शौर्यपदकाबरोबर दरमहा भत्ता असतो, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते. २०१७ साली केंद्र सरकारने त्याचे दर दुप्पट केले. परमवीर चक्राला दरमहा २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्यासाठी मिळालेल्या सेना पदकाला २,००० असे ते ठरले. वीर गेल्यावर हा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. पूर्वी अशी अट होती की, विधवेने पुन्हा लग्न केले तर भत्ता बंद. फक्त दिराशी लग्न केले तरच तो चालू राही. २०१७ च्या नोव्हेंबरात ही अट काढून टाकली. आयाबहिणींनो, हे नीट ध्यानात घ्या. कोणी जुना नियम सांगून गप्प बसवीत असेल, तर गप्प बसू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे कार्यालय असते. नंबर आणि पलटण लिहिलेला कागद घेऊन तिथे जावे. पदक हरवले असेल, कागद गहाळ असतील, तरी चौकशी तिथूनच सुरू करावी. मराठा पलटणीचे कागद बेळगावला, सॅपर्सचे खडकीला, असे प्रत्येक पलटणीचे दप्तर ठरलेले असते.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. गावाची नोंद ठेवणारा माणूस पूर्वी कुलकर्णी होता. आज ते काम तुमच्या हातून होऊ शकते. एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि वर लिहावे, गावचे सैनिक. रकाने थोडेच आखावेत: नाव, गावातली आळी किंवा वाडी, नंबर, हुद्दा, पलटण, कुठे कुठे गेले, पदके कोणती, आणि हे कोणी सांगितले. हा शेवटचा रकाना विसरू नका. मुलांना घरोघर पाठवावे, पण पदके मागून आणू देऊ नये. वस्तू घरातच राहावी, वहीत नुसते वर्णन यावे. वहीत सुभेदार येतील तसा शिपाई यावा, शिपाई येईल तसा लष्करातला न्हावी, धोबी आणि सफाई करणाराही यावा. कोणत्या आळीतला आहे यावरून कोणाची नोंद मागे राहता कामा नये. आणि जे खरे तेच लिहावे. सेवापदकाला शौर्यपदक लिहू नये. खोट्याने आजोबांचा मान वाढत नाही, उलट खऱ्या नोंदीवरचा विश्वास जातो.

गावात शहरातून कोणी जुन्या वस्तू गोळा करणारा आला आणि चार पैसे जास्त देऊ लागला, तर घरच्यांनी विचार करून ठरवावे. गरज कोणाला नसते? अडचणीच्या वेळी माणसाने मंगळसूत्र विकले आहे, तिथे पदकाची काय कथा. पण विकायचेच झाले, तर त्याआधी कडेवरची अक्षरे वहीत उतरलेली असावीत, दोन्ही बाजूंचे फोटो असावेत. वस्तू गेली तरी नाव राहील.

कुदळवाडीसारख्या ठिकाणी तागडीवर बसणाऱ्या भावांनाही माझी विनंती आहे. दिवसभर तुमच्या हाताखालून लोखंड, तांबे, पितळ जाते. त्या ढिगात एखादी गोल चकती आली, तिच्या डोक्यावर फीत अडकवायची कडी दिसली, कडेला बारीक अक्षरे दिसली, तर ती भट्टीकडे जाऊ देण्याआधी बाजूला काढा. ज्याच्या पोत्यातून आली त्याला विचारा, "हे कोणाचे आहे?" तुमच्या एका प्रश्नाने कोणाचा तरी आजोबा घरी परत जाईल.

पुढच्या सुट्टीत माळ्यावरची ट्रंक खाली काढा. पोरांना जवळ बसवा. पदक उजेडात धरा आणि कडेवरचे नाव मोठ्याने वाचा. त्या घरात ते नाव कोणी मोठ्याने उच्चारले, याला कित्येक वर्षे झाली असतील.